मेनिंगोकॉकल आजार नेमका कुणाला गाठतो? धोक्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेनिंगोकॉकस हे नाव आपल्याकडच्या घरांत सहसा तीनच प्रसंगी कानावर पडतं. कुणी हज किंवा उमराला (मक्केच्या छोट्या यात्रेला) निघालं की, लेक परदेशी विद्यापीठाच्या होस्टेलवर राहायला जाणार असली की, आणि डॉक्टरांनी 'प्लीहा काढावी लागेल' असं सांगितलं की. तिन्ही वेळा हातात लशीची चिठ्ठी येते आणि 'पण ही कशासाठी?' हा प्रश्न तसाच राहून जातो. आजार विरळा आहे. पण झाला तर सकाळी हिंडताफिरता असलेला माणूस रात्री अतिदक्षता विभागात असू शकतो. म्हणूनच धोका कुणाला जास्त आणि का, हे घरातल्या सगळ्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मेनिंगोकॉकल आजार म्हणजे मेंदूज्वरच ना?

अर्धं बरोबर. 'मेंदूज्वर' हा शब्द मराठीत फार सैल वापरला जातो. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर, क्षयाचा मेनिंजायटिस, वेगवेगळ्या विषाणूंमुळे मेंदूला येणारी सूज, या सगळ्यांना आपण एकच नाव देतो. मेनिंगोकॉकल आजार होतो तो 'नायसेरिया मेनिंजायटिडिस' या जिवाणूमुळे. डासांचा, पाण्याचा किंवा खाण्यापिण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

हा जिवाणू दोन वाटांनी घात करतो. कधी तो मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणाला सूज आणतो, त्याला मेनिंजायटिस म्हणतात. कधी तो रक्तातच भराभर वाढतो. मग रक्तदाब कोसळतो, त्वचेखाली रक्त साकळतं, हातापायांची बोटं काळी पडायला लागतात. पुष्कळदा दोन्ही एकदम होतं. वेळेत उपचार मिळूनही १०० पैकी १० ते १५ रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी १० ते २० टक्के जणांना बहिरेपणा, मेंदूची कायमची इजा किंवा हातपाय गमावणं असं काहीतरी आयुष्यभर सोबत घेऊन जगावं लागतं.

जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरून त्याचे प्रकार पाडले आहेत. आजाराला मुख्यतः सहा कारणीभूत ठरतात: ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय. ही अक्षरं लक्षात ठेवा, लशीच्या वेळी लागतील.

हा जंतू येतो तरी कुठून?

माणसाकडून, आणि फक्त माणसाकडून. प्राणी, माती, पाणी यांत तो राहत नाही. तो राहतो नाकामागे, घशाच्या वरच्या भागात. साधारण १०० पैकी १० निरोगी प्रौढांच्या घशात तो कधी ना कधी मुक्काम ठोकून असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यांना वाहक म्हणतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो आपसूक निघून जातो.

खोकला, शिंक, लाळ, चुंबन यांतून तो दुसऱ्याकडे जातो. शरीराबाहेर तो फार टिकत नाही. त्यामुळे दाराच्या कड्या, पुस्तकं, कपडे यांना घाबरायचं कारण नाही. आजारी पडलेल्यांपैकी बहुतेकांना तो दुसऱ्या आजारी माणसाकडून न येता अशा ठणठणीत वाहकाकडूनच आलेला असतो. म्हणून 'कुणी लावला?' म्हणत घरात किंवा वर्गात माणूस शोधत बसू नये. तसा दोषी कुणी नसतोच.

एवढ्या लोकांच्या घशात जंतू आहे, मग सगळे आजारी का पडत नाहीत?

सगळ्या धोक्यांची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

घशात जंतू असणं आणि आजार होणं यांच्यामध्ये शरीराने तीन पहारे बसवलेले आहेत. पहिला, घशाचं अस्तर. ते शाबूत असेल तर जंतू रक्तात शिरत नाही. दुसरा, रक्तातली प्रतिपिंडं. ती शिरलेल्या जंतूला ओळखून चिकटतात. तिसरा, 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची साखळी आणि प्लीहा. प्रतिपिंड चिकटलं की ही प्रथिनं जंतूच्या भिंतीला भोक पाडून त्याला मारतात, आणि प्लीहा रक्तातून त्याला गाळून काढते.

प्रतिपिंडांचं मोल किती आहे हे अमेरिकेत न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स छावणीत १९६८ च्या सुमारास स्पष्ट दिसलं. तिथे नव्याने भरती झालेल्या हजारो जवानांचं रक्त पहिल्याच दिवशांत घेऊन ठेवलं होतं. पुढे काही जणांना मेनिंगोकॉकल मेनिंजायटिस झाला, तेव्हा संशोधकांनी ते जुने नमुने काढून तपासले. आजारी पडलेल्या ५४ जणांपैकी फक्त तिघांच्या रक्तात या जंतूला मारणारी प्रतिपिंडं आधीपासून होती. निरोगी राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ८२ टक्के होतं. छावणी एक, बराकी त्याच, जेवण एकत्र. तरी कोण आजारी पडणार हे बव्हंशी रक्तातल्या प्रतिपिंडांनी ठरवलं. पुढे मेनिंगोकॉकल लशी तयार झाल्या त्या याच पायावर.

आता धोक्याचं कुठलंही कारण घ्या. ते यांपैकी एखादा पहारा कमकुवत करतं, नाहीतर जंतूशी गाठ पडण्याची शक्यता वाढवतं. खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

कोणत्या वयात धोका सर्वांत जास्त?

एक वर्षाच्या आतल्या बाळांना. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पहिल्या काही महिन्यांत विरत जातात आणि स्वतःची अजून तयार झालेली नसतात. पाच वर्षांपर्यंत धोका बराच राहतो, मग उतरतो.

दुसरा चढ येतो पौगंडावस्थेत आणि तारुण्याच्या सुरुवातीला, साधारण १६ ते २३ च्या दरम्यान. इथे कारण वेगळं आहे. या वयात जंतू घशात बाळगणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. प्रामुख्याने युरोपातल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा बाळांमध्ये ते साडेचार टक्के निघालं आणि १९ व्या वर्षी जवळजवळ २४ टक्के. मित्रमैत्रिणींचा गोतावळा वाढतो, एका बाटलीतून पाणी, एका खोलीत चौघं, पहिलं प्रेम, सगळं याच वयातलं. पासष्टीनंतर प्रतिकारशक्ती मंदावते तसा धोका पुन्हा थोडा वाढतो. म्हाताऱ्या माणसांत हा आजार न्यूमोनियाच्या रूपातही येतो आणि म्हणून ओळखायला उशीर होतो.

मुलगी सप्टेंबरमध्ये इंग्लंडला शिकायला निघाली आहे. विद्यापीठाने लस मागितली आहे. खरंच गरज आहे का?

हो, आहे. होस्टेलचं पहिलं वर्ष हा धोक्याचा जुना, पुन्हा पुन्हा दिसलेला काळ आहे. देशोदेशींची तरुण मुलं एका इमारतीत येतात, प्रत्येकाच्या घशात आपापल्या गावचे जंतू असतात आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांची देवाणघेवाण होते. फोर्ट डिक्सच्या बराकीत जे घडलं तेच इथे घडतं.

ब्रिटनमध्ये २००९ नंतर डब्ल्यू प्रकारचे रुग्ण वर्षागणिक वाढत गेले. त्यामुळे २०१५ मध्ये तिथे किशोरांना आणि नव्याने विद्यापीठात येणाऱ्यांना ए-सी-डब्ल्यू-वाय ही चार प्रकारांवरची लस द्यायला सुरुवात झाली. २५ वर्षांच्या आतल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही ती घ्यायला सांगतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत होस्टेलवर राहायचं तर ही लस लागतेच, आणि ती गेल्या पाच वर्षांत घेतलेली असावी लागते.

एक गोष्ट मात्र आईवडिलांच्या लक्षात येत नाही. चार प्रकारांच्या लशीत बी नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जो उद्रेक झाला तो बी प्रकाराचा होता, आणि त्यासाठी तिथे त्या वेळी अजून परवाना न मिळालेली बी लस खास परवानगीने आणावी लागली होती. तेव्हा विद्यापीठाचं पत्र नीट वाचा, त्यांना कोणती लस अपेक्षित आहे ते पाहा. बी लस वेगळी मागितली असेल तर ती तिथे पोचल्यावर मिळेल का हे आधीच विचारून घ्या. चार प्रकारांची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी टोचून घ्या. बॅगा भरण्याच्या गडबडीत हे हमखास शेवटच्या दिवसावर जातं.

भारतातल्या होस्टेलांमध्येही हाच धोका नाही का?

गर्दीचा धोका गर्दी असेल तिथे असतोच. फरक इतकाच की आपल्याकडे एरवीच्या काळात रुग्णांची संख्या कमी राहते, म्हणून सरसकट सगळ्या विद्यार्थ्यांना लस देण्याची शिफारस नाही आणि सरकारी सार्वत्रिक लसीकरणात ही लस नाही. उद्रेक झाला किंवा विद्यार्थ्याला खाली दिलेल्यांपैकी एखादा आजार असेल तर गोष्ट वेगळी.

हजला जाणाऱ्यांना लस सक्तीची का आहे?

अनुभवातून आलेली सक्ती आहे ती. १९८७ च्या हजनंतर ए प्रकाराचा मोठा उद्रेक झाला आणि यात्रेकरू परतले तसा तो अनेक देशांत पोचला. त्यानंतर सौदी अरेबियाने लस बंधनकारक केली. २००० आणि २००१ मध्ये डब्ल्यू प्रकार निघाला. तेव्हाची लस ए आणि सी पुरतीच होती, डब्ल्यूवर तिचा इलाज नव्हता. २००० मध्ये हजशी जोडलेले चारशेहून अधिक रुग्ण वेगवेगळ्या देशांत सापडले. त्यांतले बरेच स्वतः हजला गेलेलेच नव्हते. घरी परतलेल्या यात्रेकरूंच्या मिठीतून, एकत्र जेवणातून जंतू त्यांच्यापर्यंत आला होता. घरची बाळं, आजी-आजोबा. तेव्हापासून चार प्रकारांची लस सक्तीची झाली.

लस सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते. साध्या पॉलिसॅकराइड लशीचं (जंतूच्या आवरणातल्या शर्करेपासून केलेल्या) प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, कॉन्जुगेट लशीचं (तीच शर्करा प्रथिनाला जोडून केलेल्या) पाच वर्षं. दोन्हींतला फरक फक्त मुदतीचा नाही. कॉन्जुगेट लस घशातल्या मुक्कामालाही आळा घालते, त्यामुळे घरी परतल्यावर नातवंडांना धोका कमी होतो. निवड करता येत असेल तर तीच घ्या.

उमरा वर्षभर चालतो आणि तिथे ढिलाई होते. २०२४ च्या वसंतात अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स मिळून १२ रुग्ण उमराशी जोडलेले सापडले. ज्या नऊ जणांच्या लशीची माहिती मिळाली त्यांच्यापैकी एकानेही ती घेतलेली नव्हती.

मग पंढरीच्या वारीला किंवा कुंभमेळ्याला जातानाही लस घ्यायची का?

वारीसाठी अशी सक्ती नाही. गर्दी तिथेही अफाट असते, पण हजचा धोका फक्त गर्दीचा नाही. आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात हा आजार वारंवार साथीने येतो तिथले लोकही हजला असतात, वेगवेगळ्या खंडांतले जंतू एका तंबूत एकत्र येतात आणि लोक विमानाने थेट जगभर परततात. वारीला निघालेल्याची प्लीहा काढलेली असेल किंवा सिकलसेल असेल तर त्याने लस घ्यावीच, पण ती वारी असो वा नसो.

प्लीहा काढली आहे. आता आयुष्यभर धोका राहणार का?

राहणार, पण तो बराच कमी करता येण्याजोगा आहे. प्लीहा, जिला जुनी माणसं पाणथरी म्हणतात, ती रक्तातले आवरण असलेले जिवाणू गाळते. अपघातात पोटाला मार लागून, थॅलेसेमियासाठी किंवा प्लेटलेट कमी होण्याच्या काही आजारांत ती काढली जाते. ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर लस किमान दोन आठवडे आधी. अपघातात अचानक काढावी लागली तर दोन आठवड्यांनी. पहिले दोन डोस किमान आठ आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी बूस्टर, असं वेळापत्रक असतं.

प्लीहा नसलेल्यांना मेनिंगोकॉकसपेक्षा न्यूमोकॉकसचा, म्हणजे न्यूमोनिया आणणाऱ्या एका जिवाणूचा, धोका मोठा असतो. त्यामुळे न्यूमोकॉकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या जिवाणूवरची) लशीही लागतात आणि त्यांचा क्रम डॉक्टरांनी ठरवायचा असतो. आणि एक कळकळीची विनंती. पाकिटात 'माझी प्लीहा काढलेली आहे' असं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ताप चढून शुद्ध हरपली तर हे सांगायला तुम्ही शुद्धीवर नसाल, आणि जखमेचा जुना व्रण पाहून कुणाला ते कळेलच असं नाही.

आमच्या मुलाला सिकलसेल आहे. प्लीहा तर काढलेली नाही, मग धोका कसा?

विदर्भात, नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात, गडचिरोलीत हा प्रश्न असंख्य घरांचा आहे. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी प्लीहेच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वारंवार असं झालं की प्लीहा जागेवर असूनही काम करेनाशी होते. भारतात आढळणाऱ्या प्रकारात ती पुष्कळदा मोठी होऊन पोटात हाताला लागते, आणि 'पाणथरी आहे, म्हणजे ठीक आहे' असा समज होतो. पण आकार मोठा म्हणजे काम चांगलं, असं नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोल इथे सुरू झाली. त्यानंतर तपासण्या वाढल्या, कार्डं वाटली गेली. कार्डावर एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर जिल्हा रुग्णालयात न्यूमोकॉकल आणि मेनिंगोकॉकल या दोन्ही लशींबद्दल स्वतःहून विचारा. एएस, म्हणजे फक्त वाहक असलेल्यांच्या बाबतीत हा धोका धरला जात नाही. सिकलसेलच्या मुलाला ताप आला की तो अंगावर काढायचा नाही, हे मात्र लशीनंतरही तसंच.

कॉम्प्लिमेंटची कमतरता म्हणजे काय? ती कुणाला असते?

ही जन्मजात आणि दुर्मीळ गोष्ट आहे, पण इथला धोका बाकी सगळ्यांपेक्षा प्रचंड. साखळीतली शेवटची प्रथिनं, सी ५ ते सी ९, यांपैकी एक जरी नसलं तरी जंतूच्या भिंतीला भोक पडत नाही. अशा लोकांना मेनिंगोकॉकल आजाराचा धोका हजारो पटींनी असतो. त्यांना तो पुन्हा पुन्हा होऊ शकतो, आणि पहिला झटका बऱ्याचदा किशोरवयात येतो. प्रॉपर्डिन नावाच्या प्रथिनाची कमतरता मुलग्यांमध्ये दिसते आणि तिच्यात आजार फार वेगाने बळावतो.

घरात एखाद्याला हा आजार दोनदा झाला असेल, किंवा दोन भावंडांना वेगवेगळ्या वर्षी झाला असेल, तर 'नशीब' म्हणून सोडून देऊ नका. कॉम्प्लिमेंटची साखळी नीट चालते का हे दाखवणारी सीएच ५० नावाची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा. ल्यूपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत कॉम्प्लिमेंट खर्ची पडतं, तिथेही डॉक्टर हा विचार करतात.

एकुलिझुमॅब हे औषध सुरू करायचं आहे. डॉक्टर आधी लस घ्या म्हणतात. का?

कारण हे औषध सी ५ मुद्दाम बंद करतं. रात्री लघवीतून रक्त जाणारा पीएनएच, मूत्रपिंडावर हल्ला करणारा एक प्रकारचा एचयूएस, अशा आजारांत ते जीव वाचवतं. पण जन्मजात कमतरतेसारखीच स्थिती औषधाने तयार होते आणि मेनिंगोकॉकल आजाराचा धोका हजार ते दोन हजार पटींनी वाढतो. त्याच गटातल्या रावुलिझुमॅबचंही तेच. शक्य असेल तर लशी पहिल्या डोसच्या किमान दोन आठवडे आधी द्यायच्या असतात. आणि लस घेतलेल्यांनाही या औषधांवर असताना आजार झाल्याचं दिसलं आहे, म्हणून अनेक डॉक्टर पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक रोज चालू ठेवतात. ताप आला तर वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालयात जायचं. औषधाचं ओळखपत्र मिळतं, ते गळ्यात घाला किंवा पाकिटात ठेवा, पण घरी कपाटात ठेवू नका.

एचआयव्ही असलेल्यांना?

धोका साधारण ५ ते २४ पट जास्त, विशेषतः सीडी ४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशी) कमी असतील तेव्हा. लस दोन डोसांत द्यावी लागते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नियमित चालू असणं हे इथलं पहिलं संरक्षण.

सिगारेट-बिडीचा काय संबंध?

थेट संबंध आहे. धूर घशाच्या अस्तराला इजा करतो, पहिला पहारा ढासळतो, आणि ओढणाऱ्याच्या घशात जंतू राहण्याचं प्रमाणही जास्त असतं. घरातल्या इतरांच्या धुरामुळे लहान मुलांमध्ये हा धोका सुमारे दुप्पट होतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून दिसलं आहे. बाल्कनीत जाऊन ओढलं तरी कपड्यांना, श्वासाला तो वास राहतोच. बाळ घरात असेल तर सोडणं हाच उपाय.

उत्तर घानामधल्या एका अभ्यासात लाकडाच्या चुलीच्या धुराशीही या आजाराचा जोरदार संबंध दिसला. आपल्याकडेही पाठीवर किंवा मांडीवर तान्हं घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या आया कमी नाहीत.

फ्लू झाल्यावर हा आजार होतो, हे खरं का?

फ्लूने घशाचं अस्तर सोलवटलं जातं आणि त्यानंतरच्या एकदोन आठवड्यांत धोका वाढतो. फ्लूमधून बरं होत आलेलं माणूस अचानक पुन्हा तापाने फणफणलं, मान ताठ झाली, तर 'फ्लूच उलटला' म्हणू नये.

आमच्या घरात एकाला झाला आहे. बाकीच्यांचं काय?

घाबरणं स्वाभाविक आहे, पण पहिले चोवीस तास महत्त्वाचे आहेत, म्हणून नीट वाचा. एकाच घरात राहणाऱ्यांना धोका इतर लोकांच्या ५०० ते ८०० पट असतो. आकडा भीतिदायक वाटतो. तरीही प्रत्यक्षात औषध न घेतलेल्या अशा हजार जणांपैकी साधारण चौघांनाच आजार होतो. आणि औषध आहे.

रुग्णासोबत राहणारे, एका खोलीत झोपणारे, आदल्या सात दिवसांत चुंबन घेतलेले, पाळणाघरातली सोबतची मुलं, अशांना प्रतिजैविक द्यायचं असतं, शक्यतो निदानानंतर चोवीस तासांत. रिफाम्पिसिन दोन दिवस, सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी, यांपैकी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. गर्भवतीला सहसा इंजेक्शन. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका, कारण दिल्लीच्या २००५ च्या उद्रेकात सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारे जंतू सापडले होते. आणि औषध घेतलं तरी पुढचे दहा दिवस प्रत्येकाच्या तापाकडे लक्ष ठेवा. संसर्गानंतर लक्षणं दिसायला दोन ते दहा दिवस लागतात.

त्याच वर्गात बसणाऱ्या, त्याच बसने जाणाऱ्या किंवा रुग्णाला दारातून पाहून आलेल्या नातेवाइकांना औषधाची गरज नसते. दवाखान्यातल्यांपैकी ज्यांनी मास्कशिवाय रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातली, तोंडाने श्वास दिला, त्यांनाच. जंतूचे नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांचा धोका मात्र खरा आहे, त्यांनी लस घेतलेली असावी.

आफ्रिकेत साथी येतात असं ऐकलं. भारतात धोका किती?

पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत २६ देशांचा एक पट्टा आहे, त्याला मेनिंजायटिस पट्टाच म्हणतात. डिसेंबरपासून जूनपर्यंत तिथे कोरडा, धुळीचा वारा वाहतो, घसे सोलवटतात, लोक दाटीवाटीने झोपतात. १९९६-९७ च्या साथीत तिथे अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. कामासाठी नायजेरिया, नायजर, चाडकडे जाणाऱ्या आपल्या माणसांनी लस घेऊनच जावं.

इथे पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. या पट्ट्यासाठी परवडणारी ए प्रकारची लस तयार झाली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. पुढच्या दशकात ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि तिथल्या ए प्रकारच्या साथी जवळपास थांबल्या. मग इतर प्रकारांनी जागा घेतली. त्यांच्यासाठीची पाच प्रकारांवरची लसही याच संस्थेची. तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली.

भारतात उद्रेक प्रामुख्याने ए प्रकाराचे झाले. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये. शेवटच्या खेपेला पहिल्या काही महिन्यांतच चारशेहून अधिक रुग्ण होते. २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरात. रुग्ण बहुतांशी दाट वस्तीतले, छोट्या खोल्यांत अनेक जण राहणारे होते. महाराष्ट्रातल्या एखाद्या घरासाठी एरवीचा धोका कमीच आहे. तो वाढतो वर सांगितलेल्या कारणांनी.

लस घेतली की निर्धास्त राहायचं?

लस भक्कम आहे, पण तिच्यात आहेत त्याच प्रकारांवर, आणि काही वर्षांपुरती. पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांखालच्या मुलांत नीट काम करत नाही. त्यांना कॉन्जुगेट लागते, ती कितव्या महिन्यापासून देता येते हे ब्रँडप्रमाणे बदलतं. लशीचं कार्ड फेकू नका, हजच्या वेळी किंवा विद्यापीठात तेच दाखवायचं असतं.

यांपैकी कुठलाच धोका मला नाही. मग या आजाराचा विचार कशाला?

कारण आजारी पडणाऱ्यांतले बहुतेक जण तुमच्यासारखेच असतात. आधी धडधाकट, कुठल्याच यादीत न बसणारे. यादी लस कुणाला द्यायची हे ठरवायला उपयोगी आहे. रुग्णालयात कधी जायचं हे तिच्यावरून ठरवू नका.

सुरुवातीला हा आजार साध्या तापासारखाच असतो. जे खटकायला हवं ते असं: तापासोबत हातपाय गार पडणं, पायांत न सोसणाऱ्या वेदना, कातडीचा रंग फिका किंवा चट्टेरी दिसणं. मग डोकं ठणकणं, उलट्या, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, बरळणं, उठवलं तरी नीट न उठणं. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. ते दूध सोडतं, एकसुरात किंचाळल्यासारखं रडतं, टाळू फुगते, कडेवर घेतलं की शांत होण्याऐवजी जास्त रडतं.

लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यांच्यावर दाबून पाहा. दाबल्यावरही ते फिके पडत नसतील तर त्याच क्षणी निघा. सावळ्या कातडीवर ठिपके पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापण्यांच्या आतली बाजू आणि तोंडाच्या आतला वरचा भाग उजेडात बघा. पण ठिपके उमटायची वाट पाहत बसू नका, ते उशिरा येतात आणि काहींना येतच नाहीत. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. दारातच सांगा की मेनिंजायटिसची शंका आहे. प्लीहा काढलेली असेल, सिकलसेल असेल, एकुलिझुमॅब चालू असेल, किंवा घरातलं कुणी नुकतंच उमराहून आलं असेल, तर तेही त्याच वाक्यात सांगा.